चूकभूल द्यावी घ्यावी

आधी मोजणी.
पाच-पाचाच्या गड्ड्या, प्रत्येकीला लाल दोरा.
तोंडाने इंग्रजी आकडे,
आतून मात्र मिरजेच्या शाळेतल्या चालीत,
पाच एके पाच, पाच दुणे दहा.
वीस बोळे. आठ सुया. चौदा चिमटे.

शेफील्डला नोव्हेंबरात सकाळी सातला रात्रच असते.
टेबलावर वॉल्टर स्टॅनिफोर्थ, वय एक्क्याऐंशी,
आतड्यात गाठ,
उजव्या तर्जनीला शेवटचं पेर नाही.
"धारेच्या चाकानं खाल्लं," म्हणाले.
"चाळीस वर्षं हेच बनवले, पोरी. चिमटे, कात्र्या.
तुझे कुठले?"
मी ट्रेवरचं वाचलं: सियालकोट.
"उजेडासमोर धर. मिटल्यावर दातांच्या फटीतून
दिवा दिसला, तर परत पाठव."

त्यांच्या खापरपणज्याचा पाय
असंच एक चाक फुटून गेला होता.
तेव्हा भूल नव्हती.
धरायला चार माणसं, दातांत चामड्याचा पट्टा,
टेबलाखाली भुश्याची पेटी.
बाकांवर दाटीनं उभी पोरं, हातात घड्याळं.
सर्जनचा कोट कधी न धुतलेला,
जितका कडक तितका मान.
पाय एक मिनिट पन्नास सेकंदांत गेला
(घरात हा आकडा अजून सांगतात,
शर्यत जिंकल्यासारखा).
माणूस गेला नवव्या दिवशी.

माझ्या आईच्या पोटावर मिरजेचे टाके आहेत,
लांब लांब, घाईचे, तागाचं पोतं शिवावं तसे.
ती त्यांना "माझं ऑपरेशन" म्हणते,
"माझी जमीन" म्हणावं तसं.

डॉक्टर एन्वोसूंनी शिरेत पांढरं औषध सोडलं.
कोणी सांगितलं नव्हतं, तरी वॉल्टर
दहापासून उलटे मोजू लागले.
सातापर्यंत पोचले नाहीत.

भूल.
आमच्याकडे एवढ्याशा शब्दात
झोपही आहे, मोहिनीही, आणि चूकही.
वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात
प्रत्येक पावतीच्या तळाशी छापलेलं असे
चू. भू. द्या. घ्या.
खिळे मोजून देताना एखादा कमी भरला
तर गिऱ्हाईक परत येई, वडील हसून
दोन जास्त टाकत.

तीन तास. गाठ बरणीत.
प्रिचर्ड बाईंनी सुई मागितली
आणि मी मोजलं.
एकोणीस.
पुन्हा. एकोणीस.
बाई हात वर धरून उभ्या राहिल्या, दोरा लोंबत.
डेक्लन गुडघ्यांवर,
कचऱ्याची पिशवी उपसतोय, बुटांचे तळवे बघतोय,
हिरव्या चादरीची घडी न् घडी.
घड्याळ भिंतीवर होतं. कोणी पाहिलं नाही.
मला खिळे आठवत होते.
मग बाईंनी मनगट बुडेपर्यंत हात आत घातला,
डाव्या कुशीत, प्लीहेच्या मागे,
डोळे मिटून, पिठात पडलेली अंगठी शोधावी तसा,
आणि काढला.
भिजून आतड्याच्याच रंगाचा झालेला.
"वीस!" मी ओरडले, मराठीत.
कोणी अर्थ विचारला नाही.

संध्याकाळी धुवायच्या खोलीत
एकेक चिमटा दिव्यासमोर धरला.
सियालकोटचे तेरा. चौदावा जुना,
सांध्याची खीळ गुळगुळीत, छाप झिजून
एक आकडी राहिलेली, एस असेल, पाचही असेल.
त्याच्या फटीतून काही दिसलं नाही.

वॉर्डात त्यांनी डोळे उघडले.
"धरलेस?"
"धरले. सियालकोटचे बरे आहेत."
त्यांनी तोंड वाकडं केलं,
चौदाव्याचं मी सांगणार होते, तेवढ्यात
पाणी मागितलं.
पाणी अजून द्यायचं नव्हतं.
एक बोळा ओला करून ओठांवरून फिरवला,
मग आणखी एक.
ते मोजले नाहीत.